खालची तुती, वरची तुती

आमच्या ह्यांच्या कंपनीतलं डिपार्टमेंट बंद झालं त्या दुपारी मी एका गिऱ्हाइकाच्या रेशमी साडीला फॉल लावत बसले होते. हे वेळेआधीच घरी आले, भरलेला डबा तसाच ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "मशिनं दुसऱ्या प्लांटला हलवतायत. आम्हाला नाही." एवढंच बोलले आणि पलंगावर पाय खाली सोडून बसून राहिले. मी उठून चहा ठेवला.

घोरावाडी स्टेशनच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. हे मेंटेनन्सला होते. बंद पडलेलं यंत्र चालू करायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. शेजारच्यांचा पंप, मशिदीतला माइक, कुणाचा मिक्सर, सगळं आमच्याकडे यायचं. "बिघाड सापडला की झालं," असं ते नेहमी म्हणत, "सापडत नाही तोवरच त्रास." अशा माणसाला रिकामं बसलेलं बघणं मला जड जात होतं. सकाळी उठून ते दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि मग कुठेच जात नसत.

माझ्या सासऱ्यांनी हयातीत बेडसे गावाजवळ, डोंगराच्या पायथ्याला जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. शेजारच्या शेताचे मालक, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते पावसाळ्यात त्यात भात लावायचे आणि वर्षाचा तांदूळ आम्हाला पोचवायचे. ह्यांना शेतीतलं काही येत नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात ते पवना धरणाच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाकडे मोटार दुरुस्तीला गेले आणि तिथे त्यांनी रेशमाच्या अळ्यांची शेड पाहिली. रात्री जेवताना म्हणाले, "आत उभं राहिलं की पानं खाल्ल्याचा आवाज येतो. बारीक, पण सतत. कामाचा आवाज वाटतो."

मी म्हटलं, "आपल्यात पुरुष रेशीम अंगावर घालत नाहीत, आणि तुम्ही ते पिकवणार?"

"घालायचं कुठंय? पिकवायचंच आहे," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी हसले. मी त्या हसण्यावरच हो म्हणून गेले असेन.

जमीन दोन टप्प्यांत आहे. खालचा टप्पा विहिरीजवळचा, काळ्या मातीचा. वरचा टप्पा डोंगराला लागून, दगडगोट्यांचा. ह्या अळ्यांना तुतीचंच पान लागतं, म्हणून सुधारित तुतीची रोपं आणली ती खालच्या टप्प्यालाच पुरली. वरच्यासाठी काय करावं असा विचार चालू होता, तेवढ्यात मी तुंगार्लीला एका बंगल्याचे पडदे शिवून द्यायला गेले. तिथे कुंपणाला तुतीच होती आणि माळी तिची छाटणी करत होता. फांद्यांचा हा मोठा ढीग पडला होता. मी बंगल्यातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "न्या की, नाहीतरी जाळायच्याच आहेत." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जाऊन पोती भरून फांद्या घेऊन आलो. लोणावळ्याहून येणाऱ्या लोकलमध्ये लोक आमच्या पोत्यांकडे बघत होते. कामशेतला उतरलो, तिथून टेंपोने बेडसे. फांद्यांचे तुकडे करून वरच्या टप्प्यात लावले. तेही सगळे फुटले. आम्हा दोघांनाही वाटलं, तुती ती तुती, दोन्हीकडे एकच.

एकच नव्हती, हे पानं मोठी झाल्यावर कळलं. खालच्या तुतीचं पान हाताच्या पंजापेक्षा मोठं, जाड, तकतकीत. बोटांत चुरगाळलं तर ओलावा लागायचा. तोडून ठेवलं तरी संध्याकाळपर्यंत ताजं राहायचं. वरच्या तुतीचं पान कातरल्यासारखं, बोटं फुटल्यासारखं. त्यावरून हात फिरवला की मांजराच्या जिभेसारखं खरखरीत लागायचं, आणि तोडलं की तासाभरात कडा वळायच्या. मी कापडातली बाई. मला एक सॅटिन वाटायचं आणि एक मांजरपाट. पण मांजरपाटही कापडच असतं, त्यामुळे मी त्याची काळजी केली नाही.

शेड बांधली, मांडण्या उभ्या केल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवली. पहिल्या अळ्या आल्या तेव्हा त्या मोहरीएवढ्या, नाजूक होत्या, काळपट, ओल्या पानाच्या चुऱ्यावर पसरलेल्या. त्या असताना शेडमध्ये वासाचं काही चालत नाही, म्हणून ह्यांनी शुक्रवारचं अत्तर बंद केलं. डासांची उदबत्ती बंद. आत जाताना पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे. बॅच चालू असली की आम्ही शेडला लागून असलेल्या खोलीतच राहायचो. मी तिथे हाताने करायची शिलाई घेऊन जायचे, बटणं, हुकं, फॉल.

पहिल्याच बॅचला ह्यांनी एक गंमत केली. एका ताटात एका बाजूला खालचं पान ठेवलं, दुसऱ्या बाजूला वरचं, आणि मध्ये थोड्या अळ्या सोडल्या. अळ्यांनी डोकी वर करून इकडेतिकडे हलवली आणि मग एकेक करून खालच्या पानाकडे निघाल्या. वरच्या पानावर एक चढली, काठाशी थांबली, थोडं कुरतडलं आणि पलीकडे उतरून तीही खालच्या पानाकडे गेली.

"लाडावल्यात," मी म्हटलं.

"त्यांना डोळ्यांनी धड दिसतही नाही म्हणतात," हे म्हणाले, "तरी कळतंय."

तेव्हा आम्हाला ते कौतुकाचं वाटलं. खालचं पान भरपूर होतं. वरचं आम्ही कधी शेवटी तोंडी लावल्यासारखं टाकायचो, कधी आबांच्या शेळ्यांना द्यायचो. शेळ्या मात्र दोन्ही खायच्या. त्या बॅचचे कोष पांढरे, टणक आले. नंतरच्या बॅचही चांगल्या गेल्या. हे पुन्हा पूर्वीसारखे झाले. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट खुंटीला अडकवून, जुन्या शर्टात पानं तोडायला जायचे. शेडमध्ये वारं नीट खेळावं म्हणून त्यांनी भंगारातल्या पंख्यांचं काहीतरी जोडकाम केलं होतं. गावातली माणसं ते बघायला यायची.

मग त्या वर्षीची पाऊस संपल्यानंतरची बॅच आली. हवा छान होती, सकाळी धुकं, दुपारी स्वच्छ ऊन. अळ्या निरोगी. त्या अधूनमधून खाणं थांबवून डोकं वर करून स्तब्ध बसतात आणि कात टाकतात, तसं त्यांनी वेळेवर केलं. शेवटची कात टाकली की त्यांची भूक अचानक वाढते. आयुष्यात जेवढं खातात त्यातलं बहुतेक त्या शेवटच्या आठवड्यातच. त्याच आठवड्याच्या तोंडावर मावशी पानं तोडता तोडता थांबल्या. मावशी म्हणजे शेजारच्या वाडीतल्या, आमच्याकडे कामाला यायच्या.

"भाभी, हितं या जरा," त्यांनी हाक मारली. "शेंडं चिकाटलंत."

मी जाऊन पाहिलं. खालच्या तुतीच्या फांदीच्या टोकाची कोवळी पानं एकमेकांना जाळीने चिकटवलेली होती, जणू कुणी आतून टाका घातलाय. मी ती उकलली. आत एक हिरवी, काचेसारखी अळी. बोट लागताच तिने अंग झटकलं आणि दोऱ्यावरून खाली लोंबकळली. शेजारच्या झाडाचाही शेंडा तसाच. त्याच्या शेजारचाही. ओळीच्या टोकापर्यंत जाऊन आले. काही झाडांची खालची पानंही खरवडून टाकलेली, नुसत्या शिरा राहिलेल्या.

मग मी वरच्या टप्प्यावर गेले. तिथे एकही शेंडा चिकटलेला नव्हता. सगळी तुती हिरवीगार, वाऱ्यावर हलत उभी होती.

ह्यांनी रेशीम खात्यातल्या साहेबांना फोन लावला. साहेब चांगले होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, "पानं गुंडाळणारी अळी आहे. औषध आहे तिच्यावर. पण तुमच्या शेडमध्ये आत्ता अळ्या आहेत ना? मग फवारता येणार नाही. औषध पानावर राहतं. ते पान खाल्लं की तुमच्याही जातील."

"मग काय करू?"

"शेंडे खुडून जाळा. जेवढं हाताने होईल तेवढं करा."

"वरच्या तुतीला काही नाही साहेब. शेजारी शेजारी आहे."

"ती जात निबर असेल. काही जातींकडे ही अळी फिरकत नाही फारशी."

"आमच्या अळ्याही फिरकत नाहीत तिकडे," हे म्हणाले. साहेब म्हणाले, "हो. तसंच असतं ते."

त्या दिवसापासून आम्ही सगळे शेंडे खुडायला लागलो. मी, हे, मावशी. आबासुद्धा काठी बाजूला ठेवून एका ओळीला बसले. खुडलेले शेंडे घमेल्यात टाकायचे, घमेलं पेटवलेल्या पालापाचोळ्यावर ओतायचं. एका ओळीचं संपवून मागे वळून पाहिलं की काल साफ केलेल्या ओळीत पुन्हा नवी जाळी दिसायची. माझी बोटं हिरवी झाली होती, नखांत त्या अळ्यांचं पाणी. एक अळी जगावी म्हणून दुसरी चिरडायची, हे दिवसभर केल्यावर मला संध्याकाळी जेवण जायचं नाही. मी ते कुणाला बोलले नाही.

आबा मात्र सहज बोलायचे. "भाऊ, आमच्या भाताचंबी आसंच हाय," ते ह्यांना म्हणाले. "इंद्रायणी भातावर जेवढी कीड पडती तेवढी जुन्या जाड्या भातावर न्हाई. पर जाडा भात आता खातंय कोन? जे आपल्याला ग्वाड लागतं त्ये कीडीलाबी ग्वाड लागतं."

"मग तुम्ही काय करता आबा?"

"आमी फवारतो. तुमची गत येगळी. तुमाला त्येबी करता येत न्हाई."

चांगलं पान रोज कमी होत होतं आणि अळ्यांची भूक रोज वाढत होती. एका संध्याकाळी तोडलेल्या फांद्या शेडच्या दारात ठेवून हे नुसतेच उभे राहिले. मांडणी दोन बाजूंना होती, मधून जायला वाट. दोन्हीकडच्या अळ्या डोकी वर करून हलवत होत्या. पानं संपली की त्या तसंच करतात.

"हे सगळ्यांना पुरणार नाही," ते म्हणाले.

"दोन्हीकडे निम्मं निम्मं टाका," मी म्हटलं. "बाकी वरचं."

"निम्मं दिलं तर सगळ्याच अर्धवट राहतील. एकीकडे पुरतं दिलं तर निदान तेवढ्या तरी होतील."

"आणि दुसरीकडच्या?"

"वरचं खातील. भूक लागल्यावर खातील."

"कुठली बाजू?"

त्यांनी चांगल्या फांद्या उचलून उजव्या बाजूला पसरल्या. उजवीच का, ते मी विचारलं नाही. दोन्ही बाजूंत तसूभरही फरक नव्हता. एकाच दिवशी अंड्यांतून निघालेल्या, एकाच टोपलीतून आलेल्या. मी वरच्या तुतीच्या फांद्या घेतल्या आणि डाव्या बाजूला टाकल्या.

उजवीकडे लगेच आवाज सुरू झाला. डावीकडच्या अळ्या पानांवर चढल्या, फिरल्या, खाली उतरल्या, पुन्हा चढल्या. काही वेळाने खायला लागल्या, पण त्यांचा आवाज वेगळा होता, तुटक. मध्येच थांबायच्या. सकाळी पाहिलं तर उजवीकडे नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि डावीकडे पानं सुकून वळलेली, अर्धीमुर्धी खाल्लेली, आणि अळ्या त्यांच्याखाली जाऊन बसलेल्या.

मग ह्यांनी त्यांचं जन्माचं काम सुरू केलं. बिघाड शोधायला बसले. पान लवकर सुकतं म्हणून खात नाहीत, असं ठरवून त्यांनी फांद्यांचे बुडखे पाण्यात उभे करून ठेवले आणि थोड्या थोड्या वेळाने टाकल्या. थोडा फरक पडला. मग पान खरखरीत आहे म्हणून बारीक चिरून दिलं. मी माझी कापडाची कात्री काढली, तिची धार गेली तरी चिरत राहिले. त्यानेही थोडा फरक पडला. मग वरच्या तुतीची फक्त मधली पानं निवडून दिली. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता जमलं. प्रत्येक वेळी ते थोडंच जमलेलं असायचं. खाऊन खाऊनही त्या अळ्या भरत नव्हत्या. उजवीकडची अळी माझ्या करंगळीएवढी झाली, दुधाळ, घट्ट. डावीकडच्या बारीक राहिल्या, आणि सगळ्या सारख्याही नाहीत. कुठे एक बरी, तिच्याजवळ दोन मरगळलेल्या. मी डाव्या बाजूला पानं टाकताना त्यांच्याकडे बघायचं टाळायला लागले.

हे पवनेच्या बाजूच्या त्या ओळखीच्या माणसाकडे पानं मागायला गेले. त्याच्याही तुतीला तीच अळी लागली होती. त्याने तरी दोन पोती दिली. दुपारच्या उन्हात टेंपोतून येईपर्यंत पोत्यांतली पानं आतून तापली होती. पोतं उघडलं तर वाफ आल्यासारखी आली. पिवळी पडलेली बाजूला काढून उरलेली टाकली. ती मूठभरच होती.

तेव्हा मावशी म्हणाल्या, "आमच्या वाडीच्या वड्याला एक तुती हाय. लय जुनी. कुनी लावली न्हाई, पाखरांनीच आणली आसंल. तिची पानं बारकी हायती, पर कवळी. आनून बगू का?"

आम्ही सगळेच गेलो. ओढ्याच्या काठाला ते झाड होतं, घराएवढं उंच. पानं विड्याच्या पानापेक्षाही लहान, पातळ. खालच्या तुतीसारखी तकतकीत नाहीत, वरच्यासारखी खरखरीतही नाहीत. मी एक पान गालाला लावून पाहिलं. मलमलीसारखं होतं. ह्यांनी शिडी लावून फांद्या उतरवल्या आणि आम्ही त्या ओल्या फडक्यात गुंडाळून पायीच आणल्या.

डाव्या बाजूला टाकल्या आणि मी तिथेच थांबले. पहिल्यांदाच त्या बाजूने तो पूर्ण आवाज आला, सलग. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकतेस?" मी मान हलवली. आम्ही दोघं जागीच उभे राहून ऐकत होतो. त्या रात्री आम्ही नीट झोपलो.

पण ते एकच झाड होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते बोडकं झालं. वाडीतल्या एका म्हातारीने मावशींना विचारलं, "झाडाचं काय केलं गं?" मावशींनी तिला काय सांगितलं माहीत नाही. आम्ही आसपासच्या ओढ्याकाठी, बांधांवर आणखी तुती शोधत फिरलो. दोन झाडं मिळाली. एकाचं पान वरच्या तुतीहूनही चिवट निघालं. दुसऱ्याचं बरं होतं, पण झाड माझ्या कमरेएवढंच. तुती म्हणून जे जे दिसेल ते वेगळंच निघत होतं आणि आमच्या हाती फक्त आणून टाकून बघणं होतं. अळ्यांनी खाल्लं तर खाल्लं.

दिवस भरले. उजव्या बाजूच्या अळ्या पिवळसर, पारदर्शक झाल्या, मान वर करून आधार शोधू लागल्या. त्यांना आम्ही उचलून चंद्रिकांवर ठेवलं. चंद्रिका म्हणजे कोष विणायला देतात ती प्लास्टिकची घड्यांची जाळी. त्या कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती पांढरी धूसर भिंत तयार झाली होती आणि आत डोकं हलताना दिसत होतं.

डाव्या बाजूच्या वेळेवर पिकल्या नाहीत. काही उशिरा पिकल्या, त्यांनी कोष केले ते पातळ, चिमटीत दबणारे. काहींनी चंद्रिकेच्या कडेला थोडा धागा सोडला आणि थांबल्या. पुष्कळशा नुसत्याच फिरत राहिल्या. कोष करायची वेळ झालीय हे त्यांच्या अंगाला कळत होतं, पण धाग्यासाठी आत काही साठलेलंच नव्हतं. डोकं हलवायच्या, धागा सोडण्यासारखं करायच्या, आणि धागा यायचा नाही. मग आखूड होत, सुरकुतत तिथेच पडायच्या. मी एकीला पुन्हा पानावर ठेवलं. तिने पान खाल्लं नाही. आता खाण्याची वेळ गेली होती तिची.

हे त्या बाजूला स्टुलावर बसून होते. मी चहा घेऊन गेले, तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

"काय बिघडलंय ते माहितीय मला," ते म्हणाले. "सगळं माहितीय. पान कुठलं पाहिजे, कधी पाहिजे, किती पाहिजे. सगळं कळलंय." मग म्हणाले, "असं कधी झालं नव्हतं. कळल्यावर तरी व्हायचं काहीतरी."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा चहा गार झाला.

मेलेल्या अळ्या घमेल्यात गोळा करून त्यांनीच नेल्या. आबांनी बांधाच्या पलीकडे खड्डा काढून दिला. त्यात टाकून वर चुना पसरला आणि माती लोटली. आबा म्हणाले, "व्हतं आसं, भाऊ." ह्यांनी मान हलवली. मावशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. एवढ्याशा किड्यांसाठी आपण असं उभं राहिलोय, याची कुणालाच लाज वाटली नाही.

कोष विकायला नेले तेव्हा व्यापाऱ्याने एकेक चिमटीत दाबून पोचट वेगळे काढले. तो काही वाईट बोलला नाही. "अर्ध्या लॉटला काय झालं?" एवढंच विचारलं. हे म्हणाले, "पान वेगळं पडलं." व्यापाऱ्याने अशी मान हलवली की त्याला हे रोज कुणी ना कुणी सांगत असावं.

शेड रिकामी झाल्यावर आम्ही खालच्या तुतीवर औषध मारलं. अळी गेली. पुढच्या वर्षी पाऊस संपला तशी ती पुन्हा आली, आणि त्याच्या पुढच्याही वर्षी. आता आम्ही त्या दिवसांत बॅच घेत नाही. शेडला कुलूप लावून हे उर्से बाजूच्या एका कारखान्यात कंत्राटावर मेंटेनन्सला जातात. तिथे त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाचा माणूस त्यांना काम सांगतो. त्याबद्दल ते कधी कुरकुरत नाहीत. मी कधी विचारलं तर म्हणतात, "मशीन दुरुस्त होतं तिथे."

वरची तुती उपटून टाकावी असं मी बोलून पाहिलं होतं. ह्यांना ते पटेना. त्यांनी कुठूनतरी ऐकलं की वरच्या तुतीच्या खोडावर खालच्या तुतीचा डोळा बांधता येतो, कलम करता येतं. एका हिवाळ्यात रविवारी रविवारी जाऊन त्यांनी कलमं बांधली. मी पट्ट्या कापून दिल्या आणि त्यांनी त्या गुंडाळल्या, अगदी बारीक तार गुंडाळावी तशा. उन्हाळ्यात बहुतेक वाळली. काही थोडी जगली.

गेल्या महिन्यात आम्ही ती बघायला गेलो. जगलेल्या कलमांना पानं आली होती. आकार खालच्या तुतीचाच, कातरलेलं नाही. मी आनंदाने एक पान तोडलं आणि अंगठ्याने चोळलं. ते जाड होतं पण कोरडं. तकतकी नव्हती. त्या दगडात पाणीच टिकत नाही, तर पानात कुठून उतरणार? जात तीच होती, डोळाही खालच्याच झाडावरून आणलेला, पण पान तसं नव्हतं. मी खालच्या टप्प्यावरून एक पान आणून शेजारी धरलं. फरक आंधळ्यालाही कळला असता.

हे विहिरीवरून घागर घेऊन वर येत होते. मी दोन्ही पानं त्यांच्यापुढे धरली.

"हे ते नाही," मी म्हटलं.

"माहितीय," ते म्हणाले.

त्यांनी घागर वाकडी केली आणि त्या कलमाच्या बुंध्याला पाणी घातलं. मग पुढच्या कलमाकडे गेले. मी पानं हातात धरून मागोमाग चालत राहिले, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून.